पुसलेलं कुंकू, चुकलेलं नाक: घरात सापडलेलं जुनं रेखाचित्र कसं वाचायचं?

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"चवथीआधी घर रंगवायला काढलं, तेव्हा माळ्यावरची पेटी खाली आली. तळाशी, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याखाली पेन्सिलीने काढलेलं एका बाईचं चित्र मिळालं. कागद साधारण २८ बाय ३८ सेंटिमीटर. डोईवर पदर, मान जराशी वळलेली, डावा कान पूर्ण दिसतो, गळ्याखाली चित्र सोडून दिलंय. कपाळावर मधोमध फिकट डाग आहे. कोपऱ्यात माझ्या धाकट्या आजोबांचं नाव आणि '३८'. ते तेव्हा मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होते. पुढे गावात चित्रकलेचे मास्तर झाले, नाटकांचे पडदेही रंगवायचे. बाबा म्हणतात ही पणजी, म्हणजे धाकट्या आजोबांची आई. आत्या म्हणते छे, ही त्यांची थोरली बहीण, बाय. पणजोबा १९३६ मध्ये वारले. बाय सवाष्णच गेली. बाबांना चित्र पसंत नाही. 'नाक चुकलंय, हे त्यांनी काढलेलंच नसेल,' म्हणतात. कुणी म्हणतं फोटोवरून उतरवलंय. मागे शाईने नारळांचा हिशेब आहे, रुपये आणि तांगा. चवथीला सगळे जमतात, तेव्हा साफ करून, लॅमिनेट करून हॉलमध्ये लावावं असं ठरतंय. लावू का?"

ताई, लॅमिनेशन आजच रद्द करा. कागद तापलेल्या रुळांतून जातो, प्लॅस्टिकचा डिंक वितळून पेन्सिलीच्या कणांत शिरतो आणि मग तो कुणालाही सोडवता येत नाही. शिवाय पावसाळ्यात कागदाने आधीच ओल धरलेली असते, ती आत कोंडली जाते. आणि 'साफ करून' म्हणजे खोडरबर, पावाचा तुकडा किंवा ओला कापूस असं काही कुणाच्या मनात असेल तर त्यांना चित्राजवळ फिरकू देऊ नका. कपाळावरचा तो डाग हाच तुमच्या घरातल्या वादाचा मुख्य साक्षीदार आहे.

असं चित्र हातात आलं की सगळे आधी चेहऱ्याकडे बघतात आणि 'ही अमकी' म्हणून मोकळे होतात. चेहरा शेवटी बघायचा. शिकाऊ हाताने काढलेला चेहरा फसवतो. कागद, खोडाखोड आणि रेघेचा दाब फसवत नाहीत.

२८ बाय ३८ सेंटिमीटर म्हणजे ११ बाय १५ इंच, क्वार्टर इम्पीरियल. पूर्ण इम्पीरियल ताव २२ बाय ३० इंचांचा, त्याचे चार भाग. ड्रॉइंगच्या विद्यार्थ्यांचं हे रोजचं माप. चारही कोपरे बघा. टाचण्यांची किंवा ड्रॉइंग पिनांची भोकं असतील तर कागद फळ्यावर ताणून चित्र काढलंय. एकेका कोपऱ्यात दोन-दोन भोकं असतील तर कागद एकदा काढून पुन्हा लावलाय, म्हणजे बहुधा दोन बैठका. भोकाभोवती गंजाचं कडं असेल तर पिना बराच काळ तशाच राहिल्या. आपल्या हवेत त्याला एक पावसाळाही पुरतो. मधोमध पंचांगाएवढा तपकिरी चौकोन दिसत असेल तर घाबरू नका, पंचांगाच्या हलक्या कागदातलं आम्ल चित्राच्या कागदात उतरलंय. सगळ्यात खालचं पंचांग कुठल्या शकाचं ते मात्र लिहून ठेवा. समजा शके १८७३ निघालं, तर तो गठ्ठा १९५१ मध्ये किंवा नंतर कधीतरी चित्रावर ठेवला एवढंच कळतं. चित्र कधी काढलं याच्याशी त्याचा संबंध नाही.

मागचा नारळांचा हिशेब जास्त उपयोगाचा आहे. रुपया-तांगा हे चलन गोव्यात १९५०च्या दशकाच्या शेवटी एस्कुदो येईपर्यंतचं, तेव्हा हिशेब त्याआधीचा. पण आधी हिशेब की आधी चित्र? हे तुम्हाला घरी कळू शकतं. टाकाचं निब कागदात रुततं आणि दुसऱ्या बाजूला बारीक उंचवटा उठतो. चित्र नंतर काढलं असेल तर छाया भरताना पेन्सिल त्या उंचवट्यावर जास्त घासली जाते आणि तिथे गडद रेघ उमटते, लहान मुलं नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात तशीच. उंचवटा आहे पण गडद रेघ नाही, असं असेल तर चित्र आधीचं आणि रद्दी समजून कुणीतरी त्याच्या पाठीवर नारळ मोजले. हे तपासायला छायेचा भाग निवडा. कोऱ्या गालावर काही दिसणार नाही.

त्यासाठी तिरका उजेड लागतो. रात्री खोलीतले दिवे बंद करा, चित्र टेबलावर सपाट ठेवा, खाली कोरा पांढरा कागद घाला. धुतलेला टॉवेल किंवा चादर नको. का ते पुढे सांगतो. टॉर्च कागदाच्या कडेला अगदी आडवा धरा, दहा-पंधरा अंशांपेक्षा जास्त उंच नाही. मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर एका जागी ठेवा आणि टॉर्च चारही बाजूंनी फिरवून प्रत्येक बाजूचा एक फोटो घ्या. खोडलेल्या रेघा खोबणीसारख्या दिसतील, खोडरबराने उचललेले तंतू लवीसारखे चमकतील. फ्लॅश कधीच नको, तो समोरून पडतो आणि नेमकं हेच सगळं सपाट करतो.

दुसरी तपासणी अतिनील टॉर्चची. ३६५ नॅनोमीटरचा घ्या. ३९५चा स्वस्त टॉर्च इतका जांभळा उजेड टाकतो की सगळंच चमकल्यासारखं वाटतं. कागद पांढरा दिसावा म्हणून घालायची चमकद्रव्यं साधारण १९५० नंतर कागदात सर्रास आली. ती निळसर पांढरी चमकतात. कपडे धुण्याच्या पावडरीतही तीच असतात, म्हणून टॉवेल नको म्हटलं. तुमचा कागद तसा लखलखला तर '३८' म्हणजे १९३८ हे विसरा. तो कागद नंतरचा आहे. चमकला नाही, तर १९३८ शक्य आहे, सिद्ध नाही, कारण चमकद्रव्यं नसलेला कागद पुढेही बनत राहिला. काही सेकंदांत काम उरका, उजेड डोळ्यांत जाऊ देऊ नका.

त्या '३८' बद्दलही जरा सबुरी. सहीची आणि आकड्यांची पेन्सिल एकच आहे का, दाब सारखा आहे का, ते दहापट भिंगातून बघा. एकाच हाताने, एकाच दमात असेल तर साल मानायला हरकत नाही. वेगळ्या शिशाचं, वेगळ्या कोपऱ्यात असेल तर तो वर्गातला हजेरी क्रमांकही असू शकतो.

आता फोटोवरून की समोर बसवून. आधी भिंगातून गालाची छाया बघा. त्या काळी पूर्वजांचे छोटे फोटो मोठे करून त्यांच्यावर चारकोल किंवा क्रेयॉनने हात फिरवून द्यायची पद्धत होती आणि अशी चित्रं आपल्याकडे बऱ्याच घरांत 'हाताने काढलेली' म्हणून टांगलेली आहेत. त्यांत गालावर रेघाच सापडत नाहीत, एकसारखा धूसर करडा रंग असतो. छापील असेल तर ठिपक्यांची जाळी दिसेल. तुमच्या चित्रात सुट्या रेघा दिसत असतील तर हे दोन्ही बाद.

फोटो बघून काढलेल्या चित्रात बहुधा फिकट चौकटी असतात, तिरक्या उजेडात त्या दिसतात. फोटो काचेवर खाली ठेवून गिरवलेलं असेल तर रेघ एका दाबाची, न अडखळणारी, जणू तिला वाट आधीच माहीत आहे अशी असते. समोर माणूस बसलेला असेल तर रेघ शोधत जाते. हनुवटीला दोन-तीन रेघा, त्यातली एक पक्की. मान हलली म्हणून पदराची कड दोनदा. कान नीट, कारण कान हलत नाही. तोंड वारंवार खोडलेलं, कारण बसलेली बाई बोलते. तुमच्या चित्रात गळ्याखाली काहीच नाही, हेही समोर बसवल्याच्या बाजूचं आहे. फोटो पाहून काढणारा सहसा पदराच्या निऱ्यांपर्यंत शिस्तीत उतरतो. घरकाम टाकून बसलेली बाई अर्ध्या-पाऊण तासात उठते.

बसण्याची जागासुद्धा काढता येते. छाया एका बाजूला, पण तिची कड मऊ असेल तर उजेड गाळून आलेला आहे: राजांगणाकडचा, म्हणजे घरातल्या मधल्या चौकाकडचा ओटा किंवा शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी. कड सुरीसारखी तीव्र असेल तर ऊन किंवा स्टुडिओचा दिवा. आणि कान डोळ्यांच्या तुलनेत कुठे आहे ते बघा. समोरासमोर, एका उंचीवर असताना कानाचं वरचं टोक भुवईच्या रेषेत आणि पाळी नाकाच्या बुडाशी येते. कान वर सरकलेला दिसत असेल तर मान खाली आहे किंवा काढणारा उंचावर बसलाय. खाली असेल तर उलट. पाटावर बसून ओट्यावरच्या आईला काढणारा मुलगा आणि वर्गात स्टुलावर बसून काढणारा विद्यार्थी यांच्या चित्रांत हा फरक पडतो.

बाबांच्या नाकाकडे येऊ. त्यांची नजर चांगली आहे, निष्कर्ष चुकलाय. नाक चुकलंय असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा नाक बरोबर असतं आणि बाकीचा चेहरा त्याच्याबरोबर वळलेला नसतो. नवशिका नाक पाऊण बाजूने काढतो, कारण नाकाचा वळसा डोळ्यांना लगेच दिसतो. पण तोंड मात्र समोरून काढतो, आणि पलीकडचा डोळा अलीकडच्या एवढाच रुंद. चित्राचा फोटो साध्या कागदावर छापून घ्या (मूळ चित्रावर ट्रेसिंग पेपरसुद्धा ठेवायचा नाही, सरकला की पेन्सिल पुसते). त्यावर पट्टीने दोन्ही डोळ्यांचे कोपरे जोडा, मग तोंडाचे. आता फोटो उलटा करून डोकं खाली धरून बघा, किंवा आरशात. चूक नाकात आहे की तोंडात, चटकन कळेल. डोळे टाळू ते हनुवटी या उंचीच्या मधोमध यायला हवेत. नवशिके ते वर नेतात आणि कपाळ आखूड होतं. पदराखाली टाळू दिसत नाही म्हणून ही चूक तुमच्या चित्रात आणखी वाढलेली असू शकते. हे सगळे दोष सापडले तर चित्र धाकट्या आजोबांचं नाही असं ठरत नाही. ते शिकत होते तेव्हाचं आहे, एवढंच ठरतं.

ओळखीच्या वादात वय फार मोठं दिसतं, कारण १९३८ मध्ये आई आणि मुलगी यांच्यात निदान पंधरा-वीस वर्षांचं अंतर असणारच. पण इथेच नवशिक्याचा हात सगळ्यात जास्त फसवतो. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे येणारी वळी त्याला दिसते, तो ती गडद रेघेने काढतो, आणि पंचविशीतली मुलगी चाळिशीची होते. डोळ्यांखालच्या सावलीचंही तसंच. म्हणून वय वळ्यांवरून मोजू नका. कानाची पाळी बघा. वर्षानुवर्षं जड दागिना घातलेल्या कानाची पाळी लोंबते, भोक लांबट होतं. आणि कान ही वस्तू नवशिका चेहऱ्यापेक्षा इमानाने काढतो, कारण तिथे भाव आणायची त्याला धास्ती नसते. पणजीचा आणि बायचा एकेक जुना फोटो काढा, कानाभोवतीचा भाग मोठा करा. पाळी गालाला चिकटलेली की सुटी, वरची कड गोल की टोकदार, एवढं जुळवलं तरी पुष्कळ. जुना फोटो छापताना कधीकधी उलटा होतो, म्हणून त्यात नथ डाव्या नाकपुडीतच आहे ना, ते आधी तपासा.

आता कपाळावरचा डाग. तिथे कुंकू होतं आणि ते पुसलंय, असं आत्यांच्या किंवा बाबांच्या मनात आलंच असेल. शक्यता तीन आहेत आणि तिन्ही तिरक्या उजेडात व भिंगात वेगळ्या दिसतात.

खोबण नाही, लव नाही, नुसता तपकिरी ठिपका, कडा पसरट: तो कागदावरचा ओलीचा डाग किंवा तेलकट बोटाचा ठसा. इथे कुंकवाची गोष्ट संपली. कागदाच्या इतर भागांतही असे ठिपके असतील, ते मोजा.

गोल खोबण आहे, तंतू उचललेले आहेत, आणि कपाळाच्या छायेच्या रेघा त्या जागेवरून अखंड पुढे गेल्या आहेत: म्हणजे कुंकू आधी काढलं, खोडलं, मग छाया भरली. खोडणारा स्वतः चित्रकार, त्याच बैठकीत. जागा चुकली म्हणूनही खोडलेलं असेल, तर शेजारी दुसरं, हलकं वर्तुळ शोधा. सापडलं नाही, तर काढताना सवयीने काढलं आणि समोर बघून खोडलं, हा अर्थ उरतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आईच्या कपाळावर रोज पाहिलेलं कुंकू हाताने आपोआप काढणं अगदी शक्य आहे. साल १९३८ टिकलं तर हा पुरावा बाबांच्या बाजूने जातो.

तिसरी शक्यता: खोबण आहे, पण छायेच्या रेघाही तिथे तुटल्या आहेत, डागाभोवती फिकट कडं आहे. म्हणजे चित्र पूर्ण झाल्यावर कुणीतरी खोडलं. मग चित्रातल्या बाईच्या कपाळावर मुळात कुंकू होतं. तेव्हा ती बाय असेल, किंवा पणजी असेल आणि चित्र १९३६ पूर्वीचं असेल, ज्याचं '३८' दुसऱ्याच कशाचं आहे. बाय सवाष्ण गेली, तिचं कुंकू पुसायचं कुणाला कारण नव्हतं. त्यामुळे इथेही पारडं थोडं पणजीकडे झुकतं, पण थोडंच. लहान मुलाच्या हातात रबर पडलं तरी असंच दिसतं. इतर ठिकाणी असं रिकामटेकडं खोडकाम आहे का, ते बघितल्याशिवाय बोलू नका. आणि हे आत्यांसमोर बोलताना जरा जपून.

एक सावधगिरी: नथ नाही म्हणून विधवा, असा तर्क नको. नथ सणासमारंभाची. गळा आणि हात काढलेलेच नाहीत, त्यामुळे मंगळसूत्र आणि बांगड्यांची साक्ष मिळणार नाही.

राहिलं, चित्र धाकट्या आजोबांचंच का. नाटकाच्या पडद्याशी तुलना करू नका. पडदा कुंचल्याने, हातभर रेघेने रंगतो, त्यात हाताची पेन्सिलची सवय दिसत नाही. शाळेतली त्यांची नमुनाचित्रं, वहीतली रेखाटनं, पत्राच्या कडेला काढलेली एखादी आकृती असं तीन-चार शोधा. छायेच्या रेघांचा कल बघा: उजव्या हाताचा माणूस डावीकडून खालून उजवीकडे वर जाणाऱ्या रेघा मारतो, डावखुरा उलट. रेघ शेवटी बारीक होऊन सुटते की ठेचून थांबते? वरची पापणी एका रेघेची की दोन? इटलीतल्या जिओव्हानी मोरेल्ली या वैद्याने एकोणिसाव्या शतकात चित्र कुणाच्या हातचं ते कानांच्या नि नखांच्या काढणीवरून ठरवायची पद्धत रूढ केली, ती याच कारणासाठी: महत्त्वाच्या जागी चित्रकार गुरूचं अनुकरण करतो, किरकोळ जागी त्याचा स्वतःचा हात सुटतो. चित्राच्या समासात छोटासा, ठाम दाबाचा डोळा किंवा नाक वेगळं काढलेलं असेल तर ते शिक्षकाची दुरुस्ती असण्याची शक्यता मोठी. तसं सापडलं तर चित्र घरी काढून वर्गात दाखवलं होतं, हेही कळेल.

आणि 'पुढच्या कामासारखं दिसत नाही' हा आक्षेप तर सोडूनच द्या. साळगावचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा यांची पुढची, मोडतोड केलेली डोकी डोळ्यांसमोर ठेवून त्यांचं विद्यार्थिदशेतलं काम ओळखायला गेलात तर निम्मं नाकाराल. वळणदार अकॅडमिक हात कसा असतो ते बघायचं असेल तर पणजी शहरात जाल तेव्हा फोंतेन्हास भागात फुंदासांव ओरिएन्त या संस्थेत आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांच्या चित्रांचा संग्रह आहे. सांगे इथे १८७० मध्ये जन्मलेले, जे. जे.मध्ये शिकलेले आणि तिथेच शिकवलेले. त्यांनीही घरच्या माणसांना समोर बसवलं. शेजारच्या सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांच्या, हातात दिवा धरलेल्या बाईच्या त्या प्रसिद्ध चित्रात त्यांची मुलगीच आहे. घरचा माणूस पैसे मागत नाही, हे त्याचं साधं कारण.

चवथीचं. भर पावसात कागदाने ओल पिऊन अंग फुगवलेलं असतं. त्या वेळी तो फ्रेममध्ये आवळून बसवला की कोरड्या दिवसांत आकसताना ताणला जातो, पुढच्या जूनमध्ये लाटा उठतात आणि पेन्सिल काचेला टेकते. फ्रेम डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. चवथीला सगळ्यांना दाखवायला चांगल्या फोटोची छापील प्रत लावा. गणपतीवर टांगलेल्या माटोळीच्या ओल्या फळापानांखाली मूळ कागद न्यायचाच नाही.

तोवर चित्र आम्लरहित कागदाच्या फोल्डरमध्ये, सपाट, कपाटाच्या मधल्या खणात. प्लॅस्टिकची पिशवी नको. डांबराच्या गोळ्या कागदाला टेकू देऊ नका, ओला कडुनिंब तर मुळीच नको, त्याची ओल कागदाला लागते. पांढरी किंवा हिरवट बुरशी दिसली आणि मऊ ब्रशने हलकेच स्पर्श करताच ती फासली गेली, तर ती जिवंत आहे: ब्रश थांबवा, चित्र वेगळ्या कागदी पाकिटात घाला, आणि घरी उपाय करू नका. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे विचारणा करा.

फ्रेमवाल्याला चार गोष्टी सांगा आणि तो 'कशाला एवढं' म्हणाला तर दुसरा शोधा. चित्र आणि काच यांच्यात माउंटची, म्हणजे मधून कापलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, तीन-चार मिलिमीटर जागा हवी. चित्र मागच्या पुठ्ठ्याला चिकटवायचं नाही. वरच्या कडेला दोन जपानी कागदाच्या पट्ट्या, गव्हाच्या खळीने. सेलोटेप आणि फेव्हिकॉल दोन्ही वर्ज्य. पुठ्ठा आम्लरहित. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. पावसाचा मारा बसतो ती बाहेरची भिंत टाळा, खिडकीसमोरची टाळा, एसीच्या झोताखालची टाळा.

आणि एक काम मात्र चवथीलाच करा, तेव्हा बाबा आणि आत्या दोघंही घरात असतील. कोण काय म्हणतं, कशावरून म्हणतं, तारखेसह लिहून घ्या. बाबांचं 'पणजी' आणि आत्यांचं 'बाय', दोन्ही. चित्राच्या मागे नाही, नारळांच्या हिशेबाखाली तर नाहीच. फोल्डरवर, एचबी पेन्सिलीने.